सड्यावरच्या तीन इमारती

प्रेषक: सचिव
विषय: इमारत निधी, कोकण

सप्रेम नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं पत्र आलंय. नाव या ईमेल यादीवर टाकत नाही, त्यांचं सरकारदरबारी अजून बरंच ठरायचंय. गावाबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, त्यांची जागा आहे. तिथे तीन नव्या इमारती बांधून ‘इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट’, म्हणजे संशोधन आणि नव्या कंपन्यांची वसाहत, उभारायचा बेत आहे. पत्रात आपल्या अटलांटातल्या टेक स्क्वेअरचं, जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या तशाच वसाहतीचं, नाव तीनदा आलंय, आणि चित्रात काचेच्या भिंतीही अगदी तशाच आहेत. मंडळाच्या शिलकीतून काही द्यावं का? रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे, त्याआधी मतं कळवा. आबा सध्या तिकडेच आहेत. त्यांनी जागा बघून दोन ओळी लिहाव्यात ही विनंती.

सचिव


प्रेषक: आबा (मुक्काम रत्नागिरी)
विषय: उत्तर: इमारत निधी, कोकण

सचिवसाहेब,

दोन ओळी मला जमत नाहीत हे यादीला ठाऊक आहेच.

काल संध्याकाळी जाऊन आलो. साळवी स्टॉपवर रिक्षावाल्याला जागा सांगितली तर म्हणाला, “सोडतो काका, पन परत यायला वर काय मिळायचं नाय. थांबू काय?” थांबवला. अर्धा तास वर होतो. तेवढ्या वेळात एक डंपर आणि चार म्हशी गेल्या, बाकी कोणी नाही. जागा मोठी आहे, वारा झकास, समुद्र दिसतो. शिकायला येणाऱ्या पोरापोरींना चहा मात्र घरून आणावा लागेल.

टेक स्क्वेअर २००३ साली उघडला तेव्हा मी तिथल्याच मिडटाउन भागात नोकरीला होतो. कॅम्पस आणि मिडटाउन यांच्या मधून आय-७५ आणि आय-८५ हे हमरस्ते एकत्र होऊन धावतात, आणि पलीकडे तेव्हा नुसती पार्किंगची मैदानं. जॉर्जिया टेकने काय केलं? हमरस्ता ओलांडून ते शहरात घुसले. बिझनेस स्कूल, हॉटेल, पुस्तकांचं दुकान, नव्या कंपन्यांना हात देणारं १९८० पासूनचं एटीडीसी, सगळं फिफ्थ स्ट्रीटच्या फुटपाथवर. आता तिसऱ्या टप्प्याचे दोन मनोरे, मिळून ४ लाख चौरस फुटांच्या वर, २०२३ साली भूमिपूजन झालेले, तेही तिथेच, वेस्ट पीचट्रीच्या कोपऱ्यावर. लांब कुठेतरी स्वस्तात जमीन घेऊन मोकळं होता आलं असतं. तरी ही माणसं वीस वर्षं शहरातच एकेक चौक पुढे सरकतायत. कारण प्रयोगशाळेतला पोरगा आणि पैसेवाला माणूस कॉफीच्या एकाच रांगेत उभे राहिले पाहिजेत. बाकी सगळं नंतरचं. आणि त्यासाठी तो पूल. फिफ्थ स्ट्रीटच्या पुलावर दोन्ही अंगांना हिरवळ आहे, खालून गाड्यांचा लोंढा वाहतोय हे कळतसुद्धा नाही. आधी पूल, मग इमारती.

आपल्या कॉलेजने यातलं काय उचललं? काच.

काचेबद्दल एकदाच बोलतो. रत्नागिरीत कुठल्याही उंच गच्चीवर चढा आणि खाली बघा. सपाट स्लॅब एक पावसाळा काढतो, दुसऱ्याला गळतो, तिसऱ्याच्या आत वर लोखंडी सांगाडा आणि निळा पत्रा चढतो. खारं वारं सळया खातं ते वेगळंच. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, उतरतं कौलारू, पुढे पडवी. पागोळ्या अंगणात पडतात, भिंतीला पाणी लागत नाही. हे इथल्या गवंड्याला कळतं, ते चित्र काढणाऱ्याला कळू नये?

मग आज सकाळी मुद्दाम मिरकरवाड्यात, मासेमारीच्या बंदरावर, गेलो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे सगळी घाईत. बांगड्याचे क्रेट एकावर एक रचलेले. एका खोक्यात बर्फ खाली वितळलेला आणि वर कोरडा मासा, डोळे पांढरे पडायला लागलेले. कोळीण त्यातलेच वेगळे काढत होती. मी विचारलं, कॉलेजचं कोणी येतं का हो इथे? म्हणाली, “येतात की, फोटो काढायला.” मत्स्य महाविद्यालय शिरगावात १९८१ पासून आहे, सागरी जीवशास्त्राचं केंद्र झाडगावात आहे. माणसं कमी नाहीत. पण त्या एका क्रेटसमोर रोज कोणी उभं राहत नाही.

दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आठवा. बांबूच्या टोकाला पातं आणि जाळी, एवढंच. पण आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर सांडत नाही, डाग पडत नाही. माझ्या भावाच्या बागेत गडी दुसरा झेला हातात घेत नाहीत. झाडाखाली उभं राहिल्याशिवाय असलं काही सुचत नाही.

माझं मत: सड्यावरच्या इमारतींना एक डॉलरही नको. द्यायचंच तर बंदराजवळच्या जागेला द्या.

आबा


प्रेषक: चिऊ (मिडटाउन)
विषय: उत्तर: उत्तर: इमारत निधी, कोकण

आबाकाका, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. हे मोठ्यांना लिहू नये हे माहीत आहे, पण तुम्ही चालवून घ्याल.

पहिलं म्हणजे पूल. टेक स्क्वेअर २००३ चा, तुमचा हिरवळीचा पूल २००७ चा. मधली चार वर्षं लोक जुन्या अरुंद पुलावरून जीव मुठीत धरून जात होते. म्हणजे आधी इमारती, मग गर्दी, मग पूल. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय.

दुसरं, गावात जागा कुणाची? माझ्या आजोळी देवरुखला अर्ध्या एकराच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातले दोघे वारलेत आणि एक बडोद्याला आहे, तो सही करत नाही. कॉलेजला सडा मिळाला कारण तो एका नावावर होता. त्यांची हौस नसेल, नाइलाज असेल.

तिसरं मला जास्त टोचतं. मी रोज टेक स्क्वेअरमधल्या ‘कोडा’ नावाच्या इमारतीत काम करते, २०१९ पासूनची ही. तिच्या पायाशी १९२८ सालच्या क्रम अँड फोर्स्टर इमारतीचा पुढचा तिसरा हिस्सा उभा आहे. मागचा दोन तृतीयांश २०१३ मध्ये पाडला. लोकांनी भांडून जेवढं वाचवलं तेवढं वाचलं. जेवायच्या सुट्टीत मी तिथून जाते तेव्हा दरवेळी वाटतं, विद्यापीठ शहरात ‘घुसतं’ तेव्हा कोणीतरी बाहेर पडत असतं. माझं भाडंसुद्धा त्याच चौकांमुळे वाढलंय, पण ते सोडा. मिरकरवाड्यात उद्या ‘डिस्ट्रिक्ट’ आला तर जाळी सुकवायची जागा सगळ्यात आधी जाईल. आणि ती कोळीण फोटोपुरतीच उरेल.

मी सड्याच्या बाजूने नाही. पण तुम्ही ज्या सहजतेने बंदर म्हणालात, त्याची भीती वाटली.

चिऊ


प्रेषक: काकू (आंबा नोंदणी)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: इमारत निधी, कोकण

चर्चा छान चालली आहे, चालू दे. पण पेट्यांची नोंदणी गुरुवारी रात्री बंद होतेय आणि निम्म्या लोकांनी हापूस की केसर ते कळवलेलंच नाही. मला एकटीला लिहा, ‘सर्वांना उत्तर’ दाबू नका. आबा, भावाची बाग आहे म्हणता, मग आम्ही दरवर्षी केसरवर का भागवतो हेही एकदा सविस्तर लिहा.

काकू


प्रेषक: आबा (मुक्काम रत्नागिरी)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: इमारत निधी, कोकण

चिऊ,

पुलाचं साल तू बरोबर धरलंस. हार मान्य. एवढंच म्हणतो की जुना का होईना, पूल होता. इथे तोही नाही.

जाळ्यांचं मात्र मला खरंच सुचलं नव्हतं. तीस वर्षं परदेशात राहिलं की बंदर नकाशावरच्या निळ्या रेघेसारखं दिसायला लागतं की काय कोण जाणे.

आज पुन्हा वर गेलो, या वेळी खालच्या वाडीतला एक म्हातारा गुराखी बरोबर घेऊन. मेमध्ये सडा काळाठिक्कर आणि उजाड दिसतो, म्हणून कागदावर त्याला खुशाल पडीक म्हणतात. गुराख्याने एक खळगा दाखवला, पावसात तिथे गुरं पाणी पितात आणि भोवती फुलं येतात. तेच पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या वाडीच्या विहिरीला लागतं. “हितं सिमिट वतलं तर आमची बाव आटल,” एवढंच बोलला. शिवाय या सड्यांवर कातळशिल्पं असतात. उक्षी, कशेळी, बारसू ही २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. या सड्यावर काही आहे का, हे जेसीबी फिरायच्या आधी कोणीतरी गवत बाजूला करून बघायला हवं. कॉलेजला विचारलं तर म्हणाले, ते मोजणीनंतर.

तर माझा बदललेला प्रस्ताव. तीनऐवजी एकच इमारत, तीही खळगा सोडून, कौलारू. तिचे पैसे सरकार देईल, त्यात आपण पडू नये. बंदरावर नवं काही बांधायचं नाही. तिथे लिलावाच्या शेडजवळ एक रिकामी खोली भाड्याने मिळतेय, आधी जाळी ठेवायची होती, मालक जाळी राहू देणार असेल तरच घ्यायची. आणि वर-खाली जाणारी एक मिनीबस, पहाटे पाचची फेरी धरून. लिलाव सूर्य उगवायच्या आत सुरू होतो आणि पोरं नऊला उठतात, हा प्रश्न बसने सुटणार नाही, पण बस नसेल तर विचारायलाही नको. खोलीचं आणि बसचं वर्षाचं भाडं मिळूनसुद्धा त्यांच्या काचेपेक्षा कमी होईल.

येताना रिक्षा सोडून दिली आणि सड्यावरून मिरकरवाड्यापर्यंत चालत आलो, अंतर कळावं म्हणून. एक तास दहा मिनिटं, सगळा उतार. चढावर किती लागेल ते माझ्या गुडघ्यांना विचारू नका.

काकू, भाऊ म्हणतो मोहोर आला तेव्हा थंडी गेली, या वर्षी घरालाच पुरेल एवढा आंबा आहे. दरवर्षी हेच म्हणतो.

सचिवसाहेब, तुमची रविवार सकाळची अकराची बैठक म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. मी फोनवर आहे. वळवाची गडगड सुरू झालीय, वीज गेली तर चिऊने माझ्या वतीने बोलावं, आणि जाळ्यांचा मुद्दा आधी मांडावा.

आबा