मदत हवी आहे : ताण सोसणाऱ्या वाणातच डीआरईबी२ए कमी का दिसतो?

शिवारपान : नमस्कार. एका संवेदनशील व एका सहनशील वाणाला पाण्याचा ताण देऊन पानांतील डीआरईबी२ए या, ताणात इतर संरक्षक जनुके चालू करणाऱ्या जनुकाची अभिव्यक्ती (ते किती चालू आहे हे) क्यूपीसीआर या जनुकाचा आरएनए मोजणाऱ्या यंत्रावर मोजली. संवेदनशील वाणात ती भरपूर वाढली. ज्याच्यात वाढायला हवी होती, त्या सहनशील वाणात मात्र जेमतेम. नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झालेली नाही, त्यामुळे कृपया ते विचारू नये. सोमवारी प्रबंधाचे प्रकरण द्यायचे आहे आणि गावात नेटवर्क संध्याकाळीच मिळते. नेमके कारण सांगावे.

कोरडवाहू_वाशीम : पीक कोणते, हेच लिहिलेले नाही. पाणी तोडले की पॉलिइथिलीन ग्लायकॉल (मुळांना पाणी शोषणे अवघड करणारे रसायन) दिले? पाने केव्हा खुडली?

शिवारपान : पीक हरभरा, आमच्या भागात कोरडवाहू रब्बीत आणखी काय असणार? सहनशील वाण आयसीसी ४९५८, दुसरा स्थानिक. कुंड्यांचे पाणी तोडले आणि स्थानिक वाणाने माना टाकल्या, त्या दिवशी दोन्हींची पाने खुडली.

धानसंपादक : डीआरईबीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. भातातील डीएसटी हे जनुक पर्णरंध्रे मिटण्याला आवर घालते. ते निकामी केले की रंध्रे मिटतात आणि पाणी वाचते. एमटीयू १०१० या भाताच्या वाणात हे जनुक-संपादन करून तयार झालेला 'पुसा डीएसटी राईस १' हा वाण मे २०२५ मध्ये जाहीर झाला. हरभऱ्यातही हेच करावे.

कोरडवाहू_वाशीम : नवा वाण कसा काढावा, असे त्यांनी विचारलेले नाही.

मूळखोल : 'माना टाकल्या त्या दिवशी' यातच उत्तर दडलेले आहे. आयसीसी ४९५८ ची मुळे खोल व दाट असतात, त्यामुळे त्या दिवशी त्याच्या पानांना ताण जाणवलाच नसावा. वाण सहनशील आहे म्हणून जनुक चालू होत नाही, पेशीतील पाणी घटले म्हणून होते. त्यामुळे दिवस नव्हे, पानांतील सापेक्ष जलांश (पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत किती पाणी आहे ते) सारखा धरून तुलना करावी लागते. शिवाय डीआरईबी२ए चे प्रथिन ताण नसताना लवकर मोडले जाते, हे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नमुना-वनस्पतीत दिसले आहे. म्हणजे आरएनए मोजून त्याचे काम पूर्ण कळत नाही.

घाटेभर : मुळांचे हे कौतुक मला पटत नाही. कुंडीत खोल मुळे जाणार कुठे? इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेच्या लायसीमीटरमधील प्रयोगांत, म्हणजे मीटरभराहून खोल नळकांड्यांत, खोल मुळांपेक्षा सुरुवातीला पाणी जपून वापरणारे वाण शेवटी घाटे भरताना वरचढ ठरले होते. स्थानिक वाणाचा पानोरा मोठा असेल, तर त्याने कुंडीतील ओल आधी संपवली एवढेच या आकड्यांवरून सिद्ध होते. कुंडी केवढी होती?

मूळखोल : कारण मुळे असोत वा पानोरा, दोन्ही झाडांवर त्या दिवशी सारखा ताण नव्हता, हा माझा मुद्दा तुम्हीही मान्यच करत आहात.

वावरातला_काका : जनुकातले मला कळत नाही, पण आमच्या वावरात फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक पाणी दिले की हरभरा हमखास साधतो. पोरांनो, एवढे महागडे यंत्र कशाला?

शिवारपान : काका, पाणी असते तर हा विषयच घेतला नसता. कुंड्या लहान होत्या आणि स्थानिक वाणाचा पानोरा खरोखरच मोठा होता. जलांश मोजलेला नाही. गोठवलेली पाने शिल्लक आहेत, त्यांतून काढता येईल का?

मूळखोल : नाही. त्यासाठी ताज्या पानाचे, पाण्यात ठेवून फुगलेल्या पानाचे आणि वाळलेल्या पानाचे अशी तीन वजने लागतात. पण गोठवलेल्या पानांतून प्रोलीन, म्हणजे ताणात पानांत साठणारे अमिनो आम्ल, मोजता येते. उरलेल्या आरएनएमधून एनसीईडी हे जनुकही पाहावे. ॲब्सिसिक आम्ल या ताणाच्या संप्रेरकाच्या तयार होण्यातील कळीचे विकर त्याच्यापासून बनते. आयसीसी ४९५८ मध्ये ही दोन्हीही कमीच निघाली, तर ताण उशिरा पोहोचला या म्हणण्याला आधार मिळेल. उलट ती वाढलेली असून फक्त डीआरईबी२ए मागे असेल, तर प्रश्न खरोखर जनुकाच्या नियमनाचा आहे. मात्र संदर्भ जनुक (ज्याच्याशी तुलना करून मोजमाप केले ते) ताणाखाली स्थिर होते का, ते आधी तपासावे.

घाटेभर : याच्याशी मी सहमत आहे. सोमवारच्या प्रकरणात तेवढे 'सहनशील वाणात डीआरईबी२ए दबलेले आढळले' असे लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न जलांशाचाच विचारतील.