नुसतं पळवून भागत नाही

'खोडकर कुत्र्याला रोज पळवून दमवा, घरात आपोआप शांत राहील' असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. आमचा कुत्रा दीड वर्षाचा असताना मी त्याला सकाळ-संध्याकाळ तासतासभर पळवायचे. महिनाभरात त्याचा दम तेवढा वाढला, खोड्या तशाच! घरी आला की उशी तोंडात धरून गरगरा फिरायचा. फरक पडला तो हुंगण्याने. फेरीतली २० मिनिटं पट्टा सैल सोडून त्याला हवं तिथे नाक खुपसू द्यायला लागले, आणि त्याच्या रोजच्या कोरड्या खाद्याचे मूठभर दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये गुंडाळून द्यायला. टॉवेल उलगडताना नाकाची फुरफुर अगदी दुसऱ्या खोलीत ऐकू येते, आणि दहा मिनिटांत स्वारी तिथेच आडवी.

पिल्लू असेल तर झोपेकडेही बघा. लहान पिल्लांना दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी ते घोटे चावत सुटतं तेव्हा बऱ्याचदा पेंगुळलेलं असतं. अशा वेळी आणखी खेळवू नका, शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन बसवा. ओरडू तर मुळीच नका, त्याला तोही खेळच वाटतो.