तुकोबांची खतं, दामदुप्पट आणि गरीब देशांची कर्जं

नदीकाठ:
पुण्यातल्या आमच्या अभ्यासमंडळात रविवारी गरीब देशांच्या कर्जमाफीवर चर्चा आहे. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलेली कर्जखतं, बायबलमधली ज्युबिली (पन्नासाव्या वर्षाची सुटका) आणि आपली दामदुप्पट (व्याजाच्या वसुलीवरची मर्यादा), तिन्ही एकत्र मांडायचा विचार आहे. कुठे घोळ होऊ शकतो?

हिशेबनीस:
दामदुप्पट म्हणजे दुपटीहून जास्त कधीच भरायचं नाही, असं सर्रास सांगतात. ते चूक. नियम एका वेळच्या वसुलीचा आहे: थकलेलं व्याज शिल्लक मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मुद्दल १ लाख आणि थकलेलं व्याज दीड लाख असेल, तर सावकाराला २ लाखच मिळणार. पण आधी वेळच्या वेळी भरलेलं व्याज यात धरत नाहीत, मग ते मुद्दलाच्या तिप्पट का होईना. शिवाय नवं खत करून थकलेलं व्याज मुद्दलात घातलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. देशांच्या कर्जाची फेररचना होते तेव्हाही थकलेलं व्याज असं मुद्दलात जाऊ शकतं. तिथे नेमकं बोट ठेवा.

पोथीवाचक:
ज्युबिली जपून वापरा. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जाते आणि गरिबीपायी विकला गेलेला माणूस सुटतो. कर्ज सोडण्याचा नियम ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातला, दर सातव्या वर्षाचा. पुढे ते वर्ष जवळ आलं की लोक उसनं देईनात. म्हणून ज्यू धर्मपंडित हिलेल यांनी प्रोझबुल नावाचा दस्तऐवज काढला: येणं न्यायालयाच्या हवाली केलं की वसुली चालू राही. माफीनंतर नवं कर्ज कोण देणार, हा प्रश्न इतका जुना आहे. तो टाळू नका.

देहूकर:
परंपरा सांगते की निम्मी खतं धाकट्या भावाची, कान्होबांची होती. तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. कान्होबांना संसार चालवायचा होता, त्यांना दोष नको. झांबियाचं मात्र पाहा. रोमानियाचं झांबियावरचं जुनं येणं डोनेगल इंटरनॅशनल या खासगी कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला घेतलं आणि साडेपाच कोटी मागितले. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने सुमारे दीड कोटी मंजूर केले. इतर घेणेकऱ्यांनी सोडलेल्या पैशावर हा डल्ला होता! ब्रिटनला २०१० मध्ये कायदा करून अशा वसुलीला मर्यादा घालावी लागली. तेव्हा फळ्यावर आधी घेणेकरी लिहा: सरकारं, जागतिक बँक, नाणेनिधी, रोखेधारक. कोण किती सोडतो ते प्रत्येकापुढे.

नदीकाठ:
मग सुरुवात कान्होबांच्या वाट्यापासूनच करतो. प्रोझबुलला सुटसुटीत मराठी शब्द आहे का कुणाकडे?