अनुभव धागा : पिवळ्या दगडांचे रस्ते – स्पेनच्या डोंगरगावांतून सायकलने

स्पेन आणि सायकल म्हटले की वुएल्ता शर्यतीतला अंगलिरूचा चढ, मायोर्का बेटावरचा सा कालोब्राचा नागमोडी घाट आणि जिरोनात तळ ठोकून राहणारे व्यावसायिक स्पर्धक एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. या धाग्यात ते सगळे बाजूला ठेवून, जिथे तासाभरात दोन-चार मोटारीच भेटतात अशा रस्त्यांविषयी सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे. असे रस्ते ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे किलोमीटरच्या दगडाचा रंग. राष्ट्रीय मार्गाचा दगड लाल, प्रादेशिक मार्गांचे त्यांच्या श्रेणीप्रमाणे नारिंगी किंवा हिरवे आणि सर्वांत खालच्या श्रेणीचा पिवळा असतो. पिवळा दगड दिसला की निम्मे काम झाले, असे खुशाल समजावे.

हे रस्ते इतके मोकळे का राहिले, हेही थोडे सांगितले पाहिजे. १९५० ते १९७० या काळात डोंगराळ भागातील लाखो माणसे माद्रिद, बार्सेलोना आणि बिल्बाओकडे कामासाठी निघून गेली. पुढे १९८० नंतर टोल नसलेले चौपदरी महामार्ग देशभर बांधले गेले आणि लांब पल्ल्याची उरलीसुरली वाहतूक तिकडे वळली. त्यामुळे डांबर चांगले आणि वाहने जवळजवळ नाहीत, अशी सायकलस्वाराला हवीहवीशी स्थिती निर्माण झाली. लिहिताना ऋतू, पाण्याची सोय, मुक्काम आणि भेटलेली माणसे यांविषयी जरूर लिहावे. सरासरी वेग मात्र आपापल्या यंत्रातच राहू द्यावा.

तेरुएल आणि अल्बारासीनचे डोंगर (पूर्वी सारागोसाला राहत असलेले एक सभासद)

तेरुएल प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे १४,८०० चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या दीड लाखाच्याही आत, म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ-दहा माणसे. तेरुएल शहरातून पश्चिमेकडे निघून आपण ग्वादालावियार नदीच्या काठाने अल्बारासीनला पोहोचतो. इथल्या मातीत मिळणाऱ्या तांबूस जिप्समचा गिलावा केलेली घरे आणि गावामागे डोंगरावर चढत गेलेला जुना तट पाहायला बसगाड्या भरून लोक येतात, पण ते तिथूनच माघारी फिरतात. खरा एकांत त्यापुढे सुरू होतो.

फ्रियास दे अल्बारासीन या गावावरून पाइनच्या जंगलातून एक अरुंद रस्ता ताहो नदीच्या उगमाकडे जातो. उगमापाशी उभारलेले भलेमोठे धातूचे पुतळे मला फारसे आवडले नाहीत, तरी ते जिथे उभे आहेत ती जागा विलक्षण आहे. इथून निघालेली ताहो सुमारे हजार किलोमीटर वाहत जाऊन लिस्बनजवळ अटलांटिकला मिळते, आणि याच डोंगररांगेत उगम पावणारी ग्वादालावियार पुढे तुरिया हे नाव घेऊन वालेन्सियापाशी भूमध्य समुद्रात जाते. त्या भागात सायकल चालवताना आपण पाणलोटाच्या कण्यावरून चाललो आहोत, हे सतत जाणवते. चढ फार तीव्र नाहीत, मात्र उंची १५००-१६०० मीटरची असल्यामुळे मे महिन्यातही सकाळी सावलीच्या बाजूला बोटे बधिर होतात. याच प्रांतातील कालामोचा येथे डिसेंबर १९६३ मध्ये उणे ३० अंश तापमानाची नोंद झाली होती, त्यामुळे हिवाळ्यात इकडे न फिरकणेच बरे.

नदीच्याच नावाचे ग्वादालावियार हे गाव मेंढपाळांचे आहे. इथले काही कळप आजही हिवाळ्यासाठी दक्षिणेला, थेट हाएन प्रांताकडे चालत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात; गावात या स्थलांतराचे छोटेसे संग्रहालयही आहे. गावाबाहेर मला असाच एक कळप आडवा आला. पुढे चालणारा मास्तीन जातीचा अगडबंब कुत्रा भुंकला नाही. तो रस्त्याच्या मधोमध येऊन नुसता उभा राहिला. मेंढपाळाने दुरूनच हातवारे करून सांगितले की खाली उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि हळूहळू चालत या. मी तसे केले. कळप दोन्ही अंगांनी वाहत निघून गेला आणि हँडलच्या टेपला मेंढ्यांच्या लोकरीचा तेलकट वास बराच काळ येत राहिला.

पुढच्या एका गावात दुकानच नव्हते. दुपारी बाराच्या सुमारास पांढरी व्हॅन भोंगा वाजवत चौकात आली, तेव्हा पाच-सहा आजीबाई कापडी पिशव्या घेऊन दारांतून बाहेर पडल्या. पाव ज्याच्या त्याच्या नावाने आधीच सांगून ठेवलेले असतात, त्यामुळे चालकाने माझ्याकडून पैसे घेण्यापूर्वी प्रत्येकीला विचारून कोणाचा जास्तीचा उरतो का याची खात्री करून घेतली. असा प्रवास करणाऱ्याने निदान एका जेवणाची शिदोरी कायम जवळ बाळगावी.

वालेन्सियाचा डोंगरी भाग (एक सभासद)

मी थोडक्यात लिहितो. देनिया आणि कालपे या किनाऱ्यावरच्या गावांत हिवाळ्यात व्यावसायिक संघ सरावाला येतात आणि कोल दे रातेसच्या चढावर त्यांची रीघ लागते. तिथून आत वाल दे गायिनेराच्या खोऱ्यात शिरलात की चेरीच्या बागा, दगडी बांधांची शेती आणि एकामागोमाग येणारी चिमुकली गावे एवढेच उरते. १६०९ मध्ये इथल्या मोरिस्को लोकांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांच्या वंशजांना, देशाबाहेर घालवण्यात आले आणि ओस पडलेल्या खोऱ्यात मायोर्काहून कुटुंबे आणून वसवली गेली. बांध मात्र अजूनही बव्हंशी जुन्याच पद्धतीचे आहेत. बदाम साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुलतो.

या भागातली सकाळची दहाची न्याहारी चुकवू नये. बाहेर भिंतीला सायकली टेकवलेल्या असतात आणि आत टेबलावर आधी ऑलिव्ह आणि चक्क भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा येतात, मग हातभर लांब पावात भरलेले ऑम्लेट किंवा मांस, आणि शेवटी रम पेटवून केलेली क्रेमाएत नावाची कॉफी. ती कॉफी पुढे चढ नसेल तरच घ्यावी, असे माझे मत आहे.

हेर्ते आणि ला वेरा, एक्स्त्रेमादुरा (माद्रिदमध्ये राहणारी एक सभासद)

वरील दोघांनी वसंत ऋतूचा पुरस्कार केला आहे, म्हणून मी मुद्दाम ऑक्टोबरविषयी लिहिते. हेर्तेचे खोरे मार्चअखेरीस चेरीच्या पांढऱ्या फुलोऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्या दिवसांत खोऱ्यातल्या मुख्य रस्त्यावर मोटारींची रांग हलत नाही. शरद ऋतूत तीच झाडे तांबूस-केशरी होतात आणि रस्ता आपला असतो. हेर्तेहून एर्वासला नेणारा पुएर्तो दे ओन्दुरास हा घाट १४०० मीटरहून उंच आहे आणि त्याचा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून मोटार आली तर दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. खाली चेस्टनट आणि ओक, मग नेच्यांची पिवळी पडलेली उतरण आणि माथ्यावर उघडे गवत, अशी वनस्पतींची पायरी चढता चढता बदलत जाते.

तिथून पुढे दक्षिणेच्या अंगाला ला वेरा हा पट्टा लागतो. सम्राट पाचव्या कार्लोसने सत्तात्याग केल्यावर अखेरचे दिवस ज्या युस्तेच्या मठात काढले आणि १५५८ मध्ये जिथे त्याचा मृत्यू झाला, तो मठ इथेच आहे. मला मात्र मठापेक्षा धूर जास्त लक्षात राहिला. स्पेनच्या आग्नेयेला, मुर्सियाकडे, लाल मिरच्या उन्हात वाळवतात. ला वेरात नेमका तोडणीच्या हंगामात पाऊस असतो, त्यामुळे इथे मिरच्या विटांच्या दुमजली वखारीत वरच्या फळ्यांवर पसरतात आणि खाली ओकची लाकडे मंद जाळत ठेवतात. हे दहा-पंधरा दिवस चालते आणि माणसे रोज हाताने मिरच्यांचा थर खालीवर करतात. पिमेन्तोन म्हणतात ती धुरकट वासाची मिरचीपूड ती हीच. मी एका वखारीच्या दाराशी थांबले तेव्हा आतल्या काकूंनी फावड्यावर घेऊन मिरच्या दाखवल्या. त्या कडकडीत नव्हत्या, बाहेरून सुरकुतलेल्या आणि आत अजून चिवट होत्या, आणि डोळ्यांत पाणी येईल असा ठसका त्यांना नव्हता. आपल्याकडे मिरची कांडताना शेजारच्या घरापर्यंत खोकला लागतो, हे मी त्यांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले, तर त्यांना ते खरेच वाटेना.

एकटीने फिरणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगते की गावांमध्ये मला कधीही असुरक्षित वाटले नाही. अडचण झाली ती वेळेची. दुकाने दुपारी दोनला बंद होतात आणि पाचच्या आत उघडत नाहीत. तोपर्यंत गावातला बारच आपला तारणहार असतो.

एक वेगळा सूर (वायव्य स्पेनमध्ये राहणारे एक सभासद)

वरचे वर्णन वाचून आनंद झाला, पण व्हॅनमधून येणारा पाव आपल्याला मौजेचा वाटतो तसा तिथल्या आजीबाईंना वाटत नाही. शाळा बंद होते, बस बंद होते, डॉक्टर आठवड्यातून ठरावीक वेळीच येतात, आणि मग तरुण जोडपे गावात राहत नाही. तेरुएलमध्ये या दुर्लक्षाविरुद्ध १९९९ मध्ये ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’, ही चळवळ उभी राहिली आणि नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत तिचा प्रतिनिधी थेट संसदेत पोहोचला. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो, त्याला तिथले लोक दुसऱ्या नावाने ओळखतात. म्हणून बारमध्ये नुसती बाटली भरून घेऊन निघू नये. कॉफी घ्यावी, जमल्यास जेवावे आणि मुक्काम शहरात न करता गावातल्याच घरगुती निवासात करावा.

ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो, अंदालुसिया (ठाण्याच्या एक ज्येष्ठ सभासद)

आमचे वय साठीच्या पुढचे आणि सायकली भाड्याच्या, बॅटरीवाल्या. त्यामुळे हे या धाग्यात बसते की नाही, याची शंका आहे, कारण ही डांबरी सडक नसून जुन्या रेल्वेचा मार्ग आहे. हेरेसहून आल्मार्खेनला जाणारी ही रेल्वे १९२० च्या दशकात बांधायला घेतली गेली. बोगदे, पूल, स्थानके झाली, पण त्यावरून गाडी कधीच धावली नाही. आज तिथे ३६ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे आणि त्यात ३० बोगदे आणि ४ मोठे पूल आहेत. ओल्वेराकडून निघावे, म्हणजे एकंदरीत उतार मिळतो. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे आणि आत इतका गारवा असतो की बाहेर ऊन असूनही अंगात जाकीट लागते. स्वतःचा दिवा असू द्यावा, बोगद्यातल्या दिव्यांवर विसंबू नये. वाटेत साफ्रामागोनचा उभा कडा लागतो. तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे, आणि दुपारी हवा तापली की ती कड्यावरून एकामागून एक सुटतात. आम्ही तिथे जेवणाचा डबा उघडून तासभर बसलो आणि घाई कोणालाच नव्हती.

कायदा, पाणी आणि शिकारी (स्थानिक सायकल मंडळासोबत फिरणारे एक सभासद)

काहींनी नियमांविषयी विचारले होते. सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी समोरचा रस्ता मोकळा असल्यास तिला मधली अखंड रेषा ओलांडण्याचीही मुभा आहे. एका दिशेला एकाहून अधिक मार्गिका असतील तर मार्च २०२२ पासून पूर्ण मार्गिका बदलावी लागते. सायकलस्वाराला धोका होईल असे ओलांडल्यास मोटारचालकाच्या परवान्यावर जमा असलेल्या गुणांपैकी सहा गुण कापले जातात. दोघांनी शेजारी-शेजारी चालवणे कायदेशीर आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचे आहे आणि अंधारात किंवा धुक्यात चमकणारा अंगरखाही सक्तीचा आहे.

बहुतेक गावांत दगडी कारंज्यांना पाणी असते. ‘नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नये. ‘नो त्रातादा’ असेल तर ते झऱ्याचे, क्लोरिन न घातलेले पाणी असते आणि गावकरी ते पितात, आपण आपल्या पोटाचा अंदाज घेऊन ठरवावे. पाटीच नसेल तर जवळच्या माणसाला विचारावे. अंदालुसियात जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा उजाडताच निघून अकराच्या आत मुक्काम गाठावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार-रविवारी रानडुकरांच्या शिकारीसाठी हाकारे निघतात. रस्त्याच्या कडेला ‘बातिदा’ किंवा ‘मोन्तेरिया’ असे लिहिलेला फलक दिसला तर सडक सोडून कच्च्या वाटेवर शिरू नये आणि थांबायचे असेल तर पुढच्या गावातच थांबावे.