बेसमेंटमधल्या गार हवेच्या पाइपात चिंधी कोंबायची का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर सासूबाई-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत, वर खोल्या कमी पडतात म्हणून आम्ही इथे ओहायोत बेसमेंट फिनिश करायला घेतलंय. फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) आणि गॅसचा वॉटर हीटर उघड्यावर वाईट दिसतात म्हणून त्यांच्याभोवती भिंत घालून 10 बाय 8 ची खोली केली, साधं बंद दार लावलं. आता प्रॉब्लेम असा की तिथे बाहेरच्या भिंतीतून एक जाड चंदेरी पाइप खाली येतो आणि चक्क एका प्लॅस्टिकच्या बादलीत सोडलेला आहे, त्यातून बर्फासारखी हवा येते. नवरा म्हणतो चिंधी कोंबून टाकू, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काही फरक पडत नाही. पण मुद्दाम बादलीत का सोडला असेल? कुणाला माहितीये का?

- ओहायोवाली सून

---

सूनबाई, कोंबू नका. आधी हे वाचा मग बाकीचं.

मी 26 वर्षं तिकडे हीटिंगचीच कामं केली, आता इंदिरानगरला असतो पण लिस्ट सोडली नाही. तो पाइप म्हणजे तुमच्या फर्नेसचं नाक आहे. एक घनफूट नॅचरल गॅस जळायला साधारण 10 घनफूट हवा लागते, ती कुठून तरी आत यायलाच हवी ना? आणि बादली अशासाठी की गार हवा जड असते, ती बादलीत बसून राहते, आगीने हवा ओढली की मगच काठावरून सांडते. ज्याने लावली त्याला काम येत होतं.

आता हिशोब. तुमच्या मशिनांवर पाटी असेल, तिच्यावरचा इनपुट आकडा बघा. समजा फर्नेस 80,000 बीटीयू (तासाला किती उष्णता, त्याचं माप) आणि वॉटर हीटर 40,000, मिळून 1,20,000. तिकडचा नेहमीचा नियम 1000 बीटीयूला 50 घनफूट जागा, म्हणजे 6000 घनफूट. तुमचं अख्खं बेसमेंट 30 बाय 25 आणि उंची 8 धरली तर बरोब्बर 6000, म्हणजे भिंती नव्हत्या तोवर भागत होतं! आता तुम्ही त्या दोघांना 640 घनफुटात कोंडलंय. म्हणून दारात किंवा भिंतीत दोन जाळ्या लागतात, एक छतापासून फूटभराच्या आत, एक जमिनीपासून फूटभराच्या आत, प्रत्येकीत 120 चौरस इंच मोकळी जागा. मोकळी म्हणजे पट्ट्या वजा करून. तिरक्या पट्ट्यांच्या लाकडी जाळीत (लूव्हर) जेमतेम 25 टक्के मोकळं धरतात, म्हणजे प्रत्येक जाळी 480 चौरस इंचांची लागेल, धातूच्या जाळीत 75 टक्के धरतात तिथे 160 मध्ये भागतं. जाळ्या हॉलकडे काढा, झोपायच्या खोलीकडे अजिबात नाही. आणि सासू-सासऱ्यांची 12 बाय 10 ची खोली दार लावलं की या हिशोबातून गेली, 960 घनफूट कमी, ती कसर भरून काढायला तो बादलीतला पाइप लागतोच.

एवढं पोटतिडकीने लिहायचं कारण सांगतो. इथे नाशिकला थंडीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की लोक बाथरूमच्या झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवतात, आणि आत गॅस गीझर. माझा भाचा भाड्याच्या खोलीत असाच आंघोळ करताना पडला, रूममेटने दार तोडलं म्हणून वाचला. जुन्या वाड्यात चुलीवर धुराडं ठेवायचे, झरोका ठेवायचे, धूर डोळ्यांना झोंबायचा तरी, पण हवा कमी पडली की आगीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि नुकतेच विमानातून उतरलेले म्हातारे आईवडील असले की सगळे म्हणणार जेट लॅग आहे, झोपू दे त्यांना. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

वॉटर हीटरच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी असेल तर आज एक करा. खिडक्या, बाहेरची दारं आणि त्या खोलीचं दार बंद, कपड्यांचा ड्रायर, किचनचा हुड, बाथरूमचे फॅन सगळं चालू, वॉटर हीटर पेटू द्या आणि पाच मिनिटांनी टोपीच्या कडेशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. काय होतं ते कळवा.

- इंदिरानगरचे काका

---

काका, आत्ताच केलं. आकडे तुम्ही धरले तेवढेच आहेत. पाइप उघडा असूनही धूर आत गेला नाही, उलटा माझ्या तोंडावर आला. ड्रायर बंद केल्यावर हळूहळू आत जायला लागला. हात थरथरतायत माझे. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे पण वर जिन्यात, मागे 2012 लिहिलंय.

---

सूनबाई, म्हणजे ड्रायर घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी धुराच्या चिमणीतूनच हवा खाली ओढतोय. वॉटर हीटर आत्ता बंद करा, त्या खोलीचं दार बिजागरीतून काढून ठेवा, आणि रात्र झाली असली तरी खिडकी उघडा. कुणाचं डोकं दुखत असेल तर सगळे घराबाहेर पडा आणि 911 लावा, संकोच करू नका. 2012 चा डिटेक्टर फेकायचा, नवे दोन आणा, एक बेसमेंटच्या झोपायच्या खोलीबाहेर आणि एक वर. डिटेक्टर 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग कार्बन मोनॉक्साइड) लगेच ओरडत नाही, एक ते चार तास घेतो, तेव्हा त्याच्या भरवशावर जाळ्या टाळायच्या नाहीत.

उद्या लायसन्सवाला माणूस बोलवून चिमणी तपासा आणि गावाच्या बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला हे काम दाखवा. फर्नेस पुढेमागे बदलायचीच असेल तर दोन पांढऱ्या पाइपांची सीलबंद घ्या, ती आपली हवा बाहेरून आणते आणि धूर बाहेर सोडते. पण मग जुना वॉटर हीटर त्या मोठ्या चिमणीत एकटा उरतो आणि त्याच्या एकट्याच्या उष्णतेने ती नीट ओढत नाही, तेव्हा त्याचंही त्याच वेळी विचारून घ्या.

काम झालं की परत उदबत्ती, सगळे फॅन लावून. मी जागा आहे.

---

काका, दार काढलं, वॉटर हीटर बंद, खिडकी उघडी, सगळ्यांना बरं वाटतंय. माणूस सकाळी आठला येतोय.