रविवार घालवून वाचवलेले तीनशे रुपये

डिचोलीकर
पावसाळा तोंडावर आला की ऑफिसात एकच विषय. कुणी पंखा खोलला, कुणी नळाचा वॉशर बदलला, किती वाचले. मला हा हिशोब पटत नाही. पगार ४०,००० आणि महिन्याचं काम २०० तास धरा, तासाला २०० रुपये पडतात. पंखा उतरवा, दुकान शोधा, चुकीचा पार्ट आणला तर परत जा, यात चार तास गेले तर ८०० रुपये घालवलेच. इलेक्ट्रिशियन समजा ३०० घेतो, पण वीस मिनिटांत मोकळा करतो. ज्याचं काम त्यानं करावं.

फोंड्याची वहिनी
डिचोलीकरबाब, रविवारी दुपारी तुम्हाला तासाला २०० देतं कोण? एरवी जेवून ताणूनच दिली असती ना! शिवाय इलेक्ट्रिशियन "सकाळी येतो" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणीतरी अडकून पडतं. बहुतेक ठिकाणी ती बाईच असते. तिचा वेळ तुमच्या हिशोबात फुकट?
पंखा नुसता गुणगुणतो आणि हातानं ढकलल्यावर फिरतो, तर बहुतेकदा कॅपेसिटर, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा छोटा पार्ट, गेलेला असतो. शंभराच्या आत मिळतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याचाच आणायचा (बऱ्याच पंख्यांत २.५ मायक्रोफॅरॅड). मेन स्विच बंद करून, वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा. पहिल्यांदा तास जाईल, पुढच्या वेळी नाही.

वास्कोचा टॅक्सीवाला
माझा तास मात्र खरोखर विकला जातो. डिसेंबरात ऑईल बदलत बसलो तर दाबोळी विमानतळाचं भाडं गेलं, आणि २०२३ मध्ये मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाल्यापासून तीही वाटली गेलीत. तेव्हा गाडी सरळ गॅरेजला. जुलैत गाडी उभीच असते, मग एअर फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल घासणं, सगळं मीच करतो. वहिनींचं बरोबर, पण सीझनमध्ये डिचोलीकर बरोबर.

डिचोलीकर
कॅपेसिटर सोडा, छपराचं बोला. पैसे वाचवायला लोक मंगलोरी कौलांवर स्वतः चढतात. शेवाळावरून पाय घसरला तर इस्पितळाचं बिल कुठल्या तासात मोजायचं?

साळगावचा हार्डवेअरवाला
वहिनींची युक्ती जुन्या पंख्यांपुरती. नव्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यात सर्किट बोर्ड असतो, तिथे हे चालत नाही, आणि वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा, खोललात तर तीही जाऊ शकते. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेनं टर्मिनल गंजतात, ते साफ करण्यापुरतं हात घालायला हरकत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअर पोर्टल, म्हणजे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारी वेबसाईट, काढलंय. आपल्या कंपनीची माहिती तिथे आहे का, स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी बघा.

फोंड्याची वहिनी
छपरावर चढा असं मी म्हटलंच नाही! कौलावर कुठे पाय ठेवायचा हे शाकारणाऱ्याला कळतं, आपण चढलो तर गळती कमी होण्याऐवजी चार कौलं फुटतात. तिथे पैसे मोजायचेच. पण माणूस एप्रिलात सांगून ठेवा. मेच्या शेवटी अख्ख्या वाड्याला तोच हवा असतो, आणि मग तो म्हणेल तो भाव.