थोरियम आणि वितळलेल्या क्षारांच्या अणुभट्ट्या: अडले आहे कुठे?

जिज्ञासू:
केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियमचा मोठा साठा आहे, हे आपण शाळेपासून वाचत आलो. वितळलेल्या क्षारांवर चालणारी भट्टी अमेरिकेत १९६० च्या दशकातच चालवून दाखवली गेली, असेही वाचले. मग हे इंधन पदरी असताना आपण युरेनियम आयात का करतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

अणुरेणू:
थोरियम-२३२ हे मुळात तयार इंधनच नव्हे. त्याने न्यूट्रॉन शोषला की काही टप्प्यांतून प्रोटॅक्टिनियम-२३३ बनते आणि त्याचे, सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने, युरेनियम-२३३ होते. विखंडन होते ते या युरेनियमचे. म्हणजे सुरुवातीचे न्यूट्रॉन पुरवायला दुसरे विखंडनक्षम द्रव्य हाताशी असावेच लागते. म्हणूनच डॉ. होमी भाभांनी तीन टप्पे आखले: जडपाण्याच्या भट्ट्यांतून प्लुटोनियम, द्रुत प्रजनक (वापरतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) भट्ट्यांतून त्याची वाढ आणि मग थोरियम. आपले अडले आहे ते दुसऱ्या टप्प्यावर. तमिळनाडूतील कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि गाभ्याची भरणी सुरू व्हायलाच २०२४ उजाडले. थोरियमचे काम मात्र थांबलेले नव्हते. तुर्भ्याच्या पूर्णिमा-२ या प्रायोगिक भट्टीमध्ये १९८४ साली युरेनियम-२३३ द्रावणाच्या रूपात वापरले गेले, आणि कल्पक्कमची ३० किलोवॅटची कामिनी ही छोटी संशोधन भट्टी याच इंधनावर उभारली गेली. या कामाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, याचे वाईट वाटते.

रसायन_अभियंता:
थोरियम आणि वितळलेले क्षार हे दोन वेगळे विषय आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेची वितळलेल्या क्षारांची प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ चालली, १९६८ पासून युरेनियम-२३३ वरही चालली, पण तिच्या क्षारात थोरियम घातलेलेच नव्हते. तिची रचना खरोखर सुंदर होती. इंधन विरघळवलेला, सुमारे ६५० अंश सेल्सिअसचा फ्लोराइड क्षार जवळजवळ वातावरणीय दाबावर फिरे. खालच्या नळीतील क्षाराचा थोडा भाग थंड हवेच्या झोताने गोठवून ठेवलेला असे, आणि तो झोत बंद केला की ते बूच वितळून सगळे इंधन निचरा-टाकीत उतरे. अडचणी निघाल्या त्या रसायनशास्त्राच्या. विखंडनातून निर्माण होणाऱ्या टेल्युरियममुळे निकेलच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागाला भेगा पडू लागल्या. शिवाय भट्टी बंद झाल्यावर टाक्यांमध्ये थिजलेल्या क्षारातून किरणोत्साराने फ्लोरिन सुटत राहिला आणि युरेनियम वायुरूपाने कोळशाच्या गाळणीपर्यंत पोहोचल्याचे १९९४ मध्ये आढळले.

जिज्ञासू:
दोघांचेही मनापासून आभार. चीनने गान्सू प्रांतात अशी भट्टी सुरू केल्याचे कळते. तिच्यामुळे चित्र बदलेल का?

रसायन_अभियंता:
ती २ मेगावॅट औष्णिक क्षमतेची प्रायोगिक भट्टी आहे आणि २०२४ मध्ये तिच्या क्षारात थोरियम मिसळले गेले, त्यामुळे ओक रिजला राहून गेलेला भाग तिथे तपासता येईल. मात्र माझ्या मते खरी कसोटी क्षारशुद्धीकरणाची, म्हणजे क्षारातून विखंडनाचे अवशेष आणि तयार झालेले युरेनियम वेगळे काढण्याची आहे. युरेनियम-२३३ सोबत थोडे युरेनियम-२३२ ही येते आणि त्याच्या वंशातील थॅलियम-२०८ अत्यंत भेदक गॅमा किरण सोडते, म्हणून हे सारे काम जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनीच करावे लागते. असे संयंत्र वर्षानुवर्षे, गळतीशिवाय चालल्याचे दिसेपर्यंत या भट्ट्यांवर विजेच्या नियोजनाची भिस्त ठेवू नये.